तिऱ्हाइताचा हात

कोल्हापूर, ९ जानेवारी १९४९

अप्पा,

वर 'चिरंजीव' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. लंडनला शिकायला म्हणून जाऊन तिथल्याच मुलीशी लग्न लावणाऱ्या आणि घरी नुसती तार करणाऱ्या धाकट्या भावाला काय मायना घालतात, ते मला कुणी शिकवलेलं नाही. तीन वर्षं तुला पत्र लिहिलं नाही. आजही लिहिलं नसतं. काम आहे म्हणून लिहितो आहे.

एक तारखेपासून काश्मीरात तोफा बंद झाल्या, हे तुझ्या पेपरात चहाच्या जाहिरातीखाली कुठेतरी आलं असेल. आपली फौज पुढे सरकत होती आणि लेक सक्सेसमधल्या युनोच्या शहाण्यांनी हात वर करून 'थांबा' म्हटलं. आपणही थांबलो. त्या शहाण्यांपैकी किती जणांना काश्मीर उत्तरेला आहे की दक्षिणेला हे ठाऊक होतं, देव जाणे. तुझ्या इंग्रजांना मात्र पक्कं ठाऊक होतं. ज्याने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता असा बॅरिस्टर आणून पाच आठवड्यांत सरहद्द आखून घेतली ती त्यांनी. दोन्ही फौजांचे सरसेनापती त्यांचेच. गिलगिटात झेंडा बदलला तेव्हा तिथला मेजर त्यांचाच. एवढं करून हे पुन्हा पंच म्हणून खुर्ची टाकून बसणार.

काल आमच्या वादसभेत मी हेच मांडलं. विषय होता, 'काश्मीरच्या रक्तपाताला परकीय सत्ता जबाबदार आहेत.' अनुकूल बाजूने मी, प्रतिकूल बाजूने सरनोबत वकील. श्रोते दीडशे, त्यातले निम्मे सभेनंतरच्या भज्यांसाठी आलेले. वकिलाचा मुद्दा काय, तर दोन बायका नळावर भांडल्या तर नळ बसवणाऱ्याला कोण धरतं? लोक हसले. सरनोबताला लोक हसले की आपण जिंकलो असं वाटतं. मग मी झुंबरबाईला उभं केलं.

झुंबरबाई म्हणजे मुरगूडच्या कृष्णातची आई. बोर्डिंगात राहून माझ्या वर्गात शिकणारा कृष्णात तुला आठवत असेल, तू त्याला सायकल शिकवली होतीस. तो मराठा पलटणीत गेला आणि गेल्या मार्चमध्ये नौशेराच्या बाजूला बेपत्ता झाला. बेळगावहून पलटणीचा इंग्रजी कागद आला, तो घेऊन म्हातारी आणि तिची सून चिमणाबाई माझ्याकडेच आल्या, कारण 'किस्नाचं मास्तर' सांगतील तेच खरं. मी वाचून सांगितलं की तो बेपत्ता आहे, पाकिस्तानच्या कैदेत असणार, परकी पंचांनी मनावर घेतलं तर सुटेल. बाकी मजकूर सरकारी होता.

तर काल म्हातारी उभी राहिली आणि म्हणाली, "माजा किस्ना कैदंत हाय. त्येला सोडवा की कुनीतरी." एवढंच. सरनोबत वकील खाली बसला तो उठला नाही. ठराव एक मत सोडून बाकी सगळ्या मतांनी पास झाला. ते एक मत कुणाचं ते सांगायला नको.

आता काम. तुझ्या घरमालकिणीची बहीण रेडक्रॉसमध्ये आहे असं तूच एकदा लिहिलं होतंस. कैद्यांच्या याद्या तिकडे जातात. कृष्णातचं नाव बघून कळव. नंबर आणि पलटण मागच्या पानावर लिहिली आहे. त्या देशात राहून एवढा तरी उपयोग होऊ दे.

नृसिंह


कोल्हापूर, २० नोव्हेंबर १९४९

अप्पा,

तुझं पत्र पोचलं. उत्तराला दहा महिने लावलेस म्हणजे तिकडच्या कचेऱ्यांचं पाणी तुला चांगलं मानवलेलं दिसतं.

यादीत नाव नाही. कैद्यांची अदलाबदल झाली, आता कुणी उरलेलं नाही, तेव्हा घरच्यांनी आशा ठेवू नये असं त्या बाईंनी सांगितलं. ठीक. यादी कुणी केली? पाकिस्तानी कारकुनाने. तपासली कुणी? जिनीव्हाच्या गोऱ्याने. आणि ती वाचून तुला कुणी सांगितलं? तुझ्या घरमालकिणीच्या बहिणीने. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने एवढ्यावर एक माणूस मेला म्हणून धरायचं? एवढ्या पुराव्यावर मी परीक्षेत दोन मार्क देणार नाही.

तू विचारतोस की बेळगावच्या कागदात नेमकं काय होतं. लपवायचं कारण नाही. 'बेपत्ता, मारला गेला असावा असा समज' असं होतं. समज कुणाचा? समज हा काही पुरावा नव्हे. म्हातारी समोर बसली होती, सून दाराआड उभी होती. मी पहिला शब्द वाचला आणि दोघी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. पुढचं मी वाचलं नाही. कैदेचं तोंडातून निघालं, ते बोलत असतानाच मला खरं वाटायला लागलं होतं. हे मी तुला लिहितो आहे, न्यायाधीशासमोर जबानी देत नाही.

श्रावणात कोडोलीचा कुणी गुंडू नावाचा शिपाई, एक पाय अधू होऊन घरी आलेला, मुरगूडला जाऊन म्हातारीला सांगायला लागला की मी कृष्णातबरोबर होतो, तो माझ्यासमोर पडला. झुंबरबाईने त्याला अंगणातून हाकलून दिलं. म्हणाली, "मास्तर म्हंत्यात जित्ता हाय. तू कोन मोठा लागून गेलास?" हे मला तिनेच येऊन हसत हसत सांगितलं. मीही हसलो.

शेवटी तू लिहिलं आहेस, 'दादा, त्यांना सांगून टाक.' लंडनच्या शेकोटीजवळ बसून असली वाक्यं फार छान सुचतात. इथे समोरासमोर बसून म्हातारीच्या डोळ्यांत बघत सांगावं लागतं. योग्य वेळ येईल तेव्हा मी सांगेन. वेळ कोणती, ते मुरगूड तुझ्यापेक्षा मला जवळ आहे म्हणून मी ठरवीन.

नृसिंह


कोल्हापूर, २ ऑक्टोबर १९५०

अप्पा,

काश्मीरचा पंच म्हणून ऑस्ट्रेलियाचा न्यायाधीश येऊन गेला. श्रीनगर झालं, दिल्ली झाली, कराची झाली, जेवणं झाली, आणि गृहस्थाने कळवलं की दोघांचं जमत नाही. हे कळायला ऑस्ट्रेलियाहून यावं लागतं? आमच्या आळीतल्या न्हाव्याने हजामत करता करता सांगितलं असतं. सरनोबत वकील सभेत म्हणतो, पंचाला दोष का देता, त्याला बोलावलं आपणच. अर्ज आपणच घेऊन गेलो होतो हे खरं. पण अर्ज घेतला की निकाल द्यायचा असतो, नाही द्यायचा तर तसं तोंडावर सांगायचं असतं. हे दोन्ही करत नाहीत. दोन वर्षं झाली, माणसं टांगणीला लावून ठेवली आहेत. टाळ्या पडल्या.

पितृपक्ष चालू आहे. झुंबरबाई काल गूळ घेऊन आली होती. तिच्याकडे सासऱ्याचा म्हाळ झाला. भटजीने विचारलं, कृष्णातचंही नाव घेऊ का, तर तिने भटजीला उठवून दिलं. मला सांगत होती, "पलटनीचा दुसरा कागुद आला व्हता. तलाठी म्हनला अंगठा उटीव, पेन्शन सुरू हुईल. म्या म्हनलं, अंगठा उटिवला की पोरगं मेलं. मास्तरांनी सांगिटल्याबिगर म्या कशालाच बोट लावायची न्हाय."

तुझी वहिनी आतून सगळं ऐकत होती. म्हातारी गेल्यावर म्हणाली, "तुम्ही या बाईला कधी सांगणार?" मी म्हटलं, सणासुदीला कुणी असलं सांगतं का? ती म्हणाली, "पितृपक्ष हा सण कधीपासून झाला?" तुझी वहिनी फार बोलत नाही, पण बोलते तेव्हा तुझ्यासारखंच बोलते. तुमच्या दोघांचं जमलं असतं.

नृसिंह


कोल्हापूर, १८ मे १९५१

अप्पा,

आता अमेरिकेचा प्रोफेसर नेमला आहे. ऑस्ट्रेलियाचा नापास झाला म्हणून अमेरिकेचा. पुढच्या खेपेला बहुधा ब्राझीलचा येईल. नकाशा घेऊन मुलांना विचारतो मी वर्गात, काश्मीरचा निकाल द्यायला अजून कोणकोणते देश शिल्लक आहेत? पोरं जोरात नावं सांगतात. भूगोल पक्का होतो, एवढाच लेक सक्सेसचा फायदा.

परवा चिमणाबाई आली होती. एकटीच, सासूला न सांगता, पहिल्या सर्व्हिस मोटारीने. ती बावीस-तेवीस वर्षांची असेल. लग्नानंतर नवरा दोन सुट्ट्यांना घरी आला होता, एवढाच संसार. ओसरीच्या कडेला उभी राहिली, बसली नाही. गुऱ्हाळावर आकाराम म्हणून गुळव्या आहे, बायको बाळंतपणात गेलेली, चांगला माणूस. त्याने हिच्या भावाकडे पाट लावायचं विचारलं आहे. त्यांच्यात विधवेला पाट चालतो. पण नवरा हयात असेल तर नाही, आणि सासू म्हणते तो हयात आहे.

"मास्तर, मला येकच सांगा," ती म्हणाली. "हाय का न्हाय?"

अप्पा, मी तिला काय सांगितलं ते तुला लिहितो, तू त्याचं तुला वाटेल ते कर. मी म्हटलं, "प्रकरण वर आहे. अमेरिकेचा माणूस येतो आहे. एवढा निकाल लागू दे."

"निकाल लागला की सांगशिला?"

"हो."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "आत्ती तुमचंच ऐकत्यात. माजं न्हाईत ऐकत, गावाचं न्हाईत. तुमी आत्तीस्नी सांगितलं की झालं." मी म्हटलं, सांगेन. ती तुझ्या वहिनीने दिलेला भाकरतुकडा खाऊन दुपारच्या मोटारीने परत गेली.

तू म्हणशील, तेव्हाच का नाही सांगितलं. सांगितलं असतं तर पहिला प्रश्न काय आला असता, हे तुला कळत नाही का? 'मग तवाच का न्हाई सांगिटलं?' हा. आणि दुसरा प्रश्न सरनोबत वकील विचारणार, दीडशे माणसांसमोर. त्या म्हातारीला मी खोट्या आधारावर उभं केलं हे कळल्यावर माझ्या बाकीच्या मुद्द्यांना कोण विचारणार? आणि मुद्दे खरे आहेत. इंग्लंड दोषी आहेच, अमेरिका दोषी आहेच. माझ्या एका शब्दापायी ते दोन्ही सुटावेत की काय?

हे तुला पटणार नाही. तुला पटावं म्हणून मी लिहीतही नाही.

नृसिंह


कोल्हापूर, २८ मार्च १९५४

अप्पा,

अमेरिका पाकिस्तानला शस्त्रं देणार. आता पंच कोण आणि पक्षकार कोण, हे तुझ्या इंग्रजांनाच विचार. काठी एकाच्या हातात द्यायची आणि भांडण सोडवायला पुढे व्हायचं, ही रीत आमच्या तालमीतल्या पोरांनासुद्धा लाजिरवाणी वाटेल. शनिवारी मी दीड तास बोललो. सरनोबत वकील आता म्हातारा झाला, मध्येच डुलक्या घेतो. विरोधाला कुणी राहिलं नाही, तर बोलण्यात मजा राहत नाही.

आकारामचा पाट लागला. हलसवड्याच्या कुणा बाईशी. तीन वर्षं थांबला, म्हणजे माणूस खरोखर चांगला होता. मला हे एस. टी. स्टँडवर मुरगूडच्या माणसाने सहज सांगितलं. चिमणाबाईबद्दल मी विचारलं नाही.

तुझ्या मुलाचा फोटो मिळाला. नाक आपल्या घराण्याचं आहे. तुझ्या वहिनीने तो कपाटाच्या काचेला आतून लावला आहे. मी काढून टाकलेला नाही.

नृसिंह


कोल्हापूर, १७ फेब्रुवारी १९५७

चि. अप्पा,

गेल्या महिन्यात न्यू यॉर्कला युनोत आपला माणूस आठ तास बोलला. चक्कर येऊन पडला, उठला, पुन्हा बोलला. त्यांनी ऐकून घेतलं आणि ठराव आधी ठरला होता तसाच केला. कोल्हापुरात पेढे वाटले. आठ तास बोललो म्हणून पेढे वाटणारी माणसं पृथ्वीवर दुसरीकडे सापडायची नाहीत. त्यांत मीही होतो. अर्धा शेर मीच आणले होते.

ते वाटत असतानाच निरोप आला की झुंबरबाई गेली. सात दिवस ताप होता.

मी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मुरगूडला गेलो. तुझं ४९ सालचं पत्र आणि बेळगावचा पहिला कागद, दोन्ही खिशात घातले होते. तुझी वहिनी दारापर्यंत आली. मोटारीत मी मनात सगळं जुळवत होतो. कुठून सुरुवात करायची, परिस्थिती काय होती, याद्यांवर विश्वास का ठेवता येत नव्हता. भाषण तयार करायची मला सवय आहे, हे तुला ठाऊकच आहे. कागलपर्यंत ते बरं जमलंही होतं.

चिमणाबाई अंगणात शेणी थापत होती. हात धुऊन आली, घोंगडं टाकलं. तिचे केस कानाजवळ पिकले आहेत. अप्पा, ती अजून तिशीचीसुद्धा नाही. कपाळाला कुंकू होतं, हातात हिरव्या बांगड्या होत्या. मी कागद बाहेर काढले आणि सांगून टाकलं. कृष्णात ४८ सालीच गेला, मला ते पहिल्या दिवसापासून जवळजवळ कळलं होतं आणि पुढच्या वर्षी नक्की कळलं. हे सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

ती रडली नाही. म्हणाली, "मला ठावं हाय."

मला वाटलं सासूच्या दुःखात तिला नीट कळलं नसावं. मी पुन्हा सांगायला लागलो, तर तिने थांबवलं.

"गुंडू आलता न्हवं, कोडोलीचा. आत्तीनं त्येला हाकललं. म्या मागनं वडाच्या झाडापातुर गेलतो. त्येनं समदं सांगितलं मला. कुटं गोळी लागली, कुटं जाळलं, समदं. तवापास्नं दर म्हाळाला मी मागल्या दारी, आत्ती झोपली की, त्येंच्या नावानं घास ठेवतोय. कावळा शिवतो."

"मग ५१ साली तू मला कशाला विचारायला आली होतीस?"

"मला न्हवं, आत्तीस्नी कळाय पायजे हुतं. मी सांगितलं असतं तर म्हनली असती, सून पाटासाटी पोराला मारतीया. गुंडूचं ऐकलं न्हाय, भटजीचं ऐकलं न्हाय. तुमी येऊन नुसतं 'न्हाय' म्हनला असता तर आत्तीनं रडून घेतलं असतं आन् मला सोडली असती." ती हे सगळं शांतपणे सांगत होती, भाकरीच्या पिठाचा भाव सांगावा तसं. "आकारामाला बी म्या सांगितलं व्हतं, मास्तर येतील, जरा दम धरा. तीन वर्सं धरला बिचाऱ्यानं. गाडी आली की मी बांधावर जाऊन बघायचो, तुमी उतरताय का. लोक म्हनायचे, नवऱ्याची वाट बघतीया."

काही न सुचल्यावर जे तोंडात असतं ते माणूस बोलतो. आठ वर्षं ज्या वाक्याने सभा जिंकली तेच माझ्या तोंडात आलं. मी म्हटलं, "चिमणाबाई, या सगळ्याला खरं म्हणजे ते इंग्लंड आणि ती अमेरिका..."

ती उठली आणि माझ्या पुढ्यातले दोन्ही कागद गोळा करून माझ्या हातात दिले.

"त्येंची मला वळख न्हाय, मास्तर," ती म्हणाली. "तुमची हाय."

परतीची गाडी पाचला होती. तोवर मी त्या घोंगड्यावर बसून राहिलो. ती पुन्हा शेणी थापायला गेली.

तुझा दादा